परिचयपत्रे पुरेत, भूमिका कळवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

इंडियन मेडिकल असोसिएशनच्या, म्हणजे आम्ही डॉक्टर मंडळी जिला नुसते 'आयएमए' म्हणतो त्या संघटनेच्या निवडणुका जवळ आल्या की सूचनापत्र हाती पडण्याआधी फोनच ते सांगू लागतो. गेल्या पंधरवड्यात माझ्याकडे सहा उमेदवारांची रंगीत पत्रके आली. काही आमच्या शाखेच्या पदांसाठी होती, तर काही राज्य पातळीवरच्या पदांसाठी. प्रत्येक पत्रकात कोट-टाय घातलेले छायाचित्र आहे, खाली पदव्या आहेत आणि त्याखाली आजवर भूषवलेल्या पदांची माळ आहे: माजी सचिव, माजी कोषाध्यक्ष, अमुक परिषदेचे संयोजक, तमुक मास्टाकॉनचे (म्हणजे आयएमएच्या राज्य अधिवेशनाचे) स्वागत समिती सदस्य, रोटरीचे माजी अध्यक्ष, आणि शेवटी 'आपल्या हक्काचा माणूस'. सहाही पत्रके मी दोनदा वाचली. निवडून आल्यावर नेमके काय करणार आणि कोणत्या प्रश्नावर कोणत्या बाजूला उभे राहणार, हे सांगणारे एक वाक्य मला त्यांत सापडले नाही. एका पत्रकात 'डॉक्टरांच्या हितासाठी कटिबद्ध' एवढे होते. त्या हितात काय काय येते, याचा उलगडा नव्हता.

मी तीस वर्षांहून अधिक काळ या संघटनेचा आजीव सभासद आहे, एके काळी तालुक्याच्या गावातल्या शाखेचा मानद सचिव होतो आणि आता दवाखाना मुलाच्या हाती सोपवून निवृत्त झालो आहे. हे पत्र संघटनेच्या मुखपत्राऐवजी आपल्या दैनिकाकडे पाठवतो आहे, याबद्दल काही मित्र नाराज होतील, कारण घरची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत असा आमच्याकडे संकेत आहे. पण या घराचे दार ज्या दिवशी बंद होते त्या दिवशी बाहेर उभा राहतो तो रुग्ण. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरवरील अत्याचार व हत्येनंतर १७ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी सहापासून चोवीस तास देशभरातील बाह्यरुग्ण सेवा बंद ठेवण्याची हाक आयएमएने दिली. ती हाक मला योग्य वाटली होती आणि आजही वाटते. परंतु त्या दिवशी आमच्या गावात दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलेली दम्याची म्हातारी संघटनेची सभासद नव्हती. जिच्या एका ठरावाने तिचा दिवस बदलतो त्या संघटनेचे नेतृत्व कोण आणि कशाच्या बळावर मागतो, हे विचारण्याचा तिला अधिकार आहे, आणि म्हणून आपल्या वाचकांनाही आहे.

ही संघटना केवळ स्नेहभोजनासाठी जन्माला आलेली नाही. मुंबईतील भारतीय डॉक्टरांनी १८८३ मध्ये बॉम्बे मेडिकल युनियन काढली ती गोऱ्या डॉक्टरांच्या मक्तेदारीपुढे आपले म्हणणे मांडता यावे म्हणून. पुढे १९२८ मध्ये कोलकात्यात भरलेल्या अखिल भारतीय वैद्यक परिषदेत आजच्या संघटनेची स्थापना झाली, तीही अशाच गरजेतून. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या वरच्या जागा ब्रिटिश राजवटीतल्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांनी अडवलेल्या होत्या आणि देशात शिकलेल्या डॉक्टरला दुय्यम लेखले जात होते. डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. अन्सारी, डॉ. जीवराज मेहता ही त्या काळातल्या अध्यक्षांची नावे आहेत. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुखही सुरुवातीच्या अध्यक्षांपैकी एक. ज्या रस्त्याला मुंबईकर अजून पेडर रोड म्हणतात त्याचे कागदोपत्री नाव त्यांच्यावरून आहे, आणि हिंदू विधवांना पतीच्या मालमत्तेत हक्क देणारा १९३७ चा कायदा त्यांनीच कायदेमंडळात मांडला होता. या लोकांशी मतभेद असलेले डॉक्टर तेव्हाही होते. मात्र त्यांची मते काय आहेत हे कोणाला विचारावे लागत नव्हते.

आमच्या व्यवसायाला स्वतःचे नियमन स्वतः करण्याचा अधिकार होता आणि तो आम्ही आमच्याच निवडणुकांच्या वाटेने गमावला, हे या पत्रामागचे खरे कारण आहे. भारतीय वैद्यक परिषद १९३० च्या दशकात स्थापन झाली आणि १९५६ च्या कायद्याने तिला नवे रूप मिळाले. तिच्या सदस्यांमध्ये विद्यापीठांच्या वैद्यकीय विद्याशाखांनी व नोंदणीकृत डॉक्टरांनी निवडून दिलेल्यांचा मोठा वाटा होता. कागदावर याहून लोकशाही रचना दाखवणे कठीण. प्रत्यक्षात त्या जागांसाठी कोण उभा राहतो, कोणाच्या पाठिंब्यावर राहतो, कोणाची मते कोण गोळा करतो, याकडे तुमच्या-आमच्यासारख्या डॉक्टरांनी ढुंकून पाहिले नाही. दवाखाना सोडून मत द्यायला कोण जाणार, हा आमचा नेहमीचा युक्तिवाद होता. एप्रिल २०१० मध्ये परिषदेच्या तत्कालीन अध्यक्षांना एका खासगी महाविद्यालयाच्या मान्यतेसंबंधी लाच घेतल्याच्या आरोपाखाली केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली आणि पुढच्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून परिषद बरखास्त केली. तिची निवडून आलेली आवृत्ती काही वर्षांनी परत आली खरी, पण २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्यावर कडक ताशेरे ओढले, सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली, आणि २५ सप्टेंबर २०२० पासून तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. या आयोगात ३३ सदस्य आहेत आणि त्यांतले बहुतेक नेमलेले किंवा पदसिद्ध आहेत. त्या वेळी आयएमएने 'लोकशाहीचा गळा घोटला' म्हणून आंदोलने केली. त्या आंदोलनात मीही काळी फीत लावून उभा होतो, आणि परिषदेच्या आधीच्या निवडणुकीत मी मत दिले होते का, हे आठवून पाहिल्यावर मान खाली गेली होती.

आयोगात राज्यांच्या वैद्यक परिषदांसाठी नऊ जागा आहेत आणि त्याही राज्याराज्यांत फिरत्या ठेवलेल्या आहेत. त्यासाठीची नावे यायची असतात ती राज्य परिषदांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून. आता आपल्या राज्याकडे पाहा. १९६५ च्या कायद्याखालील महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नऊ सदस्य नोंदणीकृत डॉक्टरांनी निवडून द्यायचे असतात. या परिषदेची मागची निवडणूक डिसेंबर २०१६ मध्ये झाली, मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाच्या हाती गेला. ज्या परिषदेत निवडून आलेला सदस्यच नाही तिने दिल्लीला नाव पाठवायचे कोणाचे? हा प्रश्न आयएमएच्या प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकात पहिल्या ओळीत हवा होता. आयएमए ही खासगी नोंदणीकृत संस्था आहे आणि परिषद कायद्याने निर्माण झालेली, त्यामुळे दोहोंचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध असा की परिषदेच्या निवडणुकीत पॅनेले उभी राहतात ती आमच्या संघटनेच्या बळावर, प्रचार होतो तो आमच्या शाखांच्या सभांमध्ये, आणि आज संघटनेत सचिवपद मागणारा उमेदवार उद्या परिषदेच्या जागेसाठी मत मागायला येतो. पहिल्या पायरीवर ज्याला कोणी प्रश्न विचारला नाही, त्याला वरच्या पायरीवर प्रश्नांची सवय कशी असणार?

आता पैशाचा विषय. तो कोणत्याही पत्रकात नाही आणि प्रत्येकाच्या मनात आहे. महाराष्ट्रात डॉक्टरला आपल्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. हे पॉइंट मिळवून देणारी व्याख्याने आणि परिषदा मोठ्या प्रमाणावर आयएमएच्या शाखा भरवतात. मी सचिव असताना अशा कार्यक्रमांचा खर्च कोठून येत असे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही: औषध कंपन्यांकडून. हॉल त्यांचा, जेवण त्यांचे, दाराशी त्यांचा स्टॉल आणि व्याख्यात्याला ने-आण करणारी गाडीही त्यांचीच. व्याख्यानाचा विषय आम्ही ठरवला अशी आमची समजूत होती, पण विषय ठरल्यावर तो कोणत्या कंपनीच्या नव्या गोळीच्या जवळून जातो हे नंतर ध्यानात येई. एका वर्षी शाखेच्या खात्यात चांगली शिल्लक पडली म्हणून सर्वसाधारण सभेत माझे अभिनंदन झाले. ती शिल्लक कोणी भरली, असे सभेत कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

आता या संदर्भातले नियम कसे बदलत गेले ते पाहावे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये दुरुस्ती होऊन औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार व रोख रक्कम घेण्यावर बंदी आली, आणि ती बंदी डॉक्टरांना तशीच त्यांच्या व्यावसायिक संघटनांनाही लागू होती. फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने त्या कलमातून 'डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटना' हे शब्द गाळले गेले. म्हणजे एकट्या डॉक्टरने घेतले तर गैरवर्तन, आणि त्याच डॉक्टरांच्या संघटनेने घेतले तर त्या कलमाची आडकाठी नाही. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी नियमावली काढली. तिच्यात जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या ब्रँडऐवजी मूळ औषधाच्या, नावाने औषधे लिहिण्याची सक्ती होती आणि औषध कंपन्यांनी प्रायोजित केलेल्या परिषदांना हजर राहण्यावर निर्बंध होते. तीन आठवड्यांत तिला स्थगिती मिळाली, आणि ती मिळवण्यासाठी औषध उत्पादकांची संघटना व आमची संघटना दोघीही सरकारकडे गेल्या होत्या. जेनेरिकच्या सक्तीबद्दल आक्षेप घ्यायला जागा आहे, कारण औषधाच्या गुणवत्तेची खात्री सरकारने द्यायची सोडून चिठ्ठीवरच्या नावाची जबाबदारी डॉक्टरवर टाकली जात होती, आणि मी व्यवसायात असतो तर तो आक्षेप मीही घेतला असता. प्रायोजित परिषदांच्या निर्बंधाला आमचा विरोध नेमका कशासाठी होता? या मुद्द्यावर शाखेत चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. आमच्या नावाने निवेदन गेले, एवढेच आम्ही वर्तमानपत्रात वाचले.

म्हणून उमेदवारांना माझा पहिला प्रश्न हा आहे: आपण पदावर आलात तर शाखेचा किंवा राज्य संघटनेचा वर्षाचा जमाखर्च, प्रायोजकांच्या नावांसह आणि रकमांसह, सर्व सभासदांना व मागणाऱ्या कोणाही नागरिकाला पाहायला ठेवाल का? 'हिशोब तपासलेला असतो' हे उत्तर पुरेसे नाही, कारण हिशोब तपासनीस जमा बरोबर लिहिली आहे की नाही हे पाहतो, ती घ्यावी की न घ्यावी हे पाहत नाही. संघटनेचे नाव बाजारात किती सहज जाऊ शकते याचा दाखला फार जुना नाही. २००८ मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या फळांच्या रसाच्या आणि ओट्सच्या खोक्यांवर आयएमएची मोहोर झळकली होती. त्या प्रकरणी पुढे वैद्यक परिषदेने पदाधिकाऱ्यांवर कारवाईचा निर्णय घेतला. तो करार करताना लाखो सभासदांपैकी कोणाला विचारले होते? माझ्या माहितीतल्या कोणाला नाही.

कट प्रॅक्टिस हा शब्द मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल, तपासणी लिहिल्याबद्दल पाकीट पोचते हे ज्याला ठाऊक नाही असा रुग्ण आता खेड्यातही उरलेला नाही. २०१७ मध्ये राज्य सरकारने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदाही तयार झाला. त्याच सुमारास मुंबईतल्या एका हृदयरोग रुग्णालयाने 'आम्ही कमिशन देत नाही' अशा अर्थाचे फलक लावले, तेव्हा फलकावर आक्षेप घ्यायला आमच्यातली मंडळी पुढे सरसावली. तो फलक म्हणजे इतर सर्वांची बदनामी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या युक्तिवादात तांत्रिकदृष्ट्या तथ्य असेलही. पण बाहेरून पाहणाऱ्याला असेच दिसले की संघटनेला कमिशनपेक्षा फलकाचा राग जास्त आला. मसुद्याचा पुढे कायदा झाला नाही. त्या मसुद्याला तुमचा पाठिंबा आहे की विरोध, आणि विरोध असेल तर कोणत्या कलमाला, हा दुसरा प्रश्न. मला विरोधाचेही उत्तर चालेल, फक्त ते उत्तर असले पाहिजे.

तिसरा प्रश्न होमिओपॅथी डॉक्टरांच्या संदर्भातला. २०१४ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी पदवीधरांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी केली. त्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करण्याचा प्रश्न २०२५ मध्ये पेटला आणि आयएमएच्या महाराष्ट्र शाखेने १८ सप्टेंबरला एक दिवसाचा बंद पुकारला. या एका विषयावर आमचे उमेदवार गप्प नाहीत. भाषणांत, घोषणांत, समाजमाध्यमांवर ते अगदी मोकळेपणाने बोलतात, आणि एका वर्षाच्या अभ्यासक्रमाने पाच-साडेपाच वर्षांच्या शिक्षणाची भरपाई होत नाही, हे त्यांचे म्हणणे मलाही मान्य आहे. पण आमच्या जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत रात्रपाळीला बसलेला डॉक्टर कोण असतो? बहुतेक ठिकाणी तो होमिओपॅथीचा किंवा आयुर्वेदाचा पदवीधर असतो. सलाईन तो लावतो, प्रतिजैविकाचा डोस तो देतो, अतिदक्षता विभागात पहाटे तीन वाजता रक्तदाब खाली गेला तर पहिला निर्णय तोच घेतो, आणि त्याला महिन्याकाठी जे मिळते त्यात एमबीबीएस डॉक्टर मिळाला नसता म्हणून तो तेथे असतो. त्याला नेमणारा रुग्णालयाचा मालक सकाळी मोर्चात पहिल्या रांगेत चालतो. जो उमेदवार या दुटप्पीपणाबद्दल स्वतःच्या रुग्णालयापासून सुरुवात करून बोलेल, त्याच्या भाषणाला मी पुढच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवीन.

डॉक्टरांवरील हल्ल्यांचा उल्लेख मात्र प्रत्येक पत्रकात असतो आणि तो असायलाच हवा. माझ्या स्वतःच्या दवाखान्याची काच एकदा फुटली आहे. त्या रात्री घरच्यांचे चेहरे कसे झाले होते ते मी विसरलेलो नाही. महाराष्ट्राने यासाठी २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड ठेवला, मोडलेल्या उपकरणांच्या किमतीच्या दुप्पट भरपाईची तरतूद केली. कायदा आहे. हल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी आमचे शिष्टमंडळ पोलीस अधीक्षकांना निवेदन देते, त्याचे छायाचित्र छापून येते आणि प्रकरण तेथे थांबते. पुढे जबाब, पंचनामा, आरोपपत्र, साक्षीच्या तारखा यांच्या मागे एकट्या डॉक्टरने धावायचे असते. दोन-तीन वर्षांत तो कंटाळतो, गावातले चार प्रतिष्ठित मध्ये पडतात आणि तडजोड होते. शाखेने एक वकील वर्षभरासाठी नेमून अशा प्रत्येक खटल्याचा पाठपुरावा निकालापर्यंत करायचा ठरवले, तर त्याला मोठ्या परिषदेच्या एका दिवसाच्या जेवणावळीएवढाही खर्च येणार नाही. निवेदनाच्या छायाचित्रात कोण कोण होते हे पत्रकात लिहिणाऱ्यांनी, किती खटले निकालापर्यंत नेले तेही लिहावे.

हे सारे लिहिताना उमेदवारांवर अन्याय होऊ नये याचीही मला काळजी आहे. ही पदे मानद आहेत. त्यांना पगार नाही, दवाखान्याचे दिवस बुडतात, स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून मुंबईला बैठकांना जावे लागते, आणि सभासद तक्रारीखेरीज फोन करत नाहीत. अग्निशमनाचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याची नोंद, नर्सिंग होमच्या नोंदणीचे नूतनीकरण, सोनोग्राफीच्या नोंदीच्या एफ फॉर्ममधला एखादा भरायचा राहून गेलेला रकाना, या कचाट्यात सापडलेल्या दहा खाटांच्या रुग्णालयवाल्याला संघटनेचाच आधार असतो, आणि रात्री अकरा वाजता फोन उचलून धीर देणारे सचिव मी पाहिले आहेत. करोनाच्या पहिल्या वर्षी किती डॉक्टर मरण पावले याची आकडेवारी केंद्र सरकारकडे नव्हती, तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये ३८२ मृत डॉक्टरांची यादी आयएमएनेच देशापुढे ठेवली. त्या यादीमागे शाखाशाखांतून नावे गोळा करणाऱ्या अनामिक पदाधिकाऱ्यांची मेहनत होती. संघटना काय करू शकते ते तेव्हा दिसले. अशा कामाचा उल्लेख एखाद्या पत्रकात असता तर इतर पदांची माळ मी खुशाल विसरलो असतो.

अध्यक्षाच्या शब्दाचे वजन किती असते हेही आपण नुकतेच पाहिले आहे. आधुनिक वैद्यकाविरुद्धच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल आयएमए २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आणि पतंजलीच्या प्रकरणात न्यायालयाने कठोर भूमिका घेतली, तेव्हा आम्हा सर्वांना बरे वाटले. एप्रिल २०२४ मध्ये त्याच सुनावणीत न्यायालयाने महागडी व अनावश्यक औषधे लिहिणाऱ्या डॉक्टरांबद्दल संघटना काय करते, असे विचारले. त्यावर तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्षांनी एका मुलाखतीत न्यायालयाबद्दल जे उद्गार काढले त्याबद्दल त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. जिंकत आलेल्या खटल्यात फिर्यादीच आरोपीच्या पिंजऱ्याजवळ जाऊन उभा राहावा, तसा तो प्रकार झाला. एका मुलाखतीने साडेतीन लाखांहून अधिक सभासदांच्या संघटनेवर ही वेळ आली. अध्यक्ष निवडताना त्याने किती परिषदा भरवल्या यापेक्षा, अवघड प्रश्नाला तो तोंडावर कसे उत्तर देतो हे आधी पाहून घ्यावे असे मला वाटते ते या अनुभवावरून. आणि ते पाहायचे तर निवडणुकीपूर्वी उमेदवारांना एका व्यासपीठावर बसवून सभासदांचे प्रश्न घ्यायला हवेत. आमच्या शाखेत असे कधी झालेले नाही.

याचे एक कारण 'बिनविरोध' या शब्दावरचे आमचे प्रेम. ज्येष्ठांनी बसून यंदा कोण, पुढच्या वर्षी कोण, हे ठरवायचे, इच्छुकाच्या खांद्यावर हात ठेवून 'तुझे वय आहे अजून' म्हणायचे, आणि सर्वसाधारण सभेत टाळ्यांच्या गजरात नावे जाहीर करायची, ही रीत मी स्वतः पाळली आहे. डॉक्टरांनी आपसांत भांडू नये, एकमेकांकडे रुग्ण पाठवायचे असतात, हा त्यामागचा व्यवहार. त्यामुळे भांडणे टळली हे खरे. पण आमच्या शाखेत निम्म्याच्या आसपास सभासद स्त्रिया असूनही अध्यक्षपदाची पाळी त्यांच्यापर्यंत क्वचितच आली, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचे नाव या यादीत कधी चढले नाही, आणि नव्याने व्यवसायात आलेली मुले वर्गणी भरून सभांना यायची बंद झाली. माझा मुलगाही जात नाही. मी रागावलो तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तिथे ठरवायचं काही असतं का? सगळं ठरवूनच बोलावतात."

सहाही उमेदवारांना मी गेल्या सोमवारी वरील प्रश्न लिहून पाठवले: हिशोब प्रायोजकांसह उघड ठेवाल का, कट प्रॅक्टिसच्या कायद्याबद्दल काय म्हणणे आहे, रात्रपाळीला कोण असतो, हल्ल्यांचे खटले कोण चालवणार, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेवर निवडून आलेले सदस्य यावेत यासाठी काय करणार. उत्तर एका पानात द्यावे, अशी विनंती केली होती आणि ते उत्तर मी शाखेच्या सभासदांना जसेच्या तसे पाठवीन असेही कळवले होते. हे पत्र लिहीपर्यंत तिघांनी संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत आहेत. एकाने हात जोडल्याचे चिन्ह पाठवले आहे. एकाने लिहिले आहे, "सर, भेटून बोलू, हे लेखी नको." सहावी उमेदवार, शाखेच्या सहसचिवपदासाठी उभी असलेली एक तरुण भूलतज्ज्ञ, हिने मात्र दीड पान लिहून पाठवले आहे. त्यातली दोन उत्तरे मला पटलेली नाहीत आणि कट प्रॅक्टिसबद्दल ती जे म्हणते ते फारच सौम्य आहे, असे मी तिला कळवले आहे. माझे मत मी तिलाच देणार आहे.

आपला,
एक आजीव सभासद
(नाव व पत्ता संपादकांकडे नोंदवला आहे.)